तेनेरिफे की लान्झारोते? मराठवाड्यातून कॅनरी बेटांवर निघालेल्यांसाठी

कॅनरी बेटांवर जायचं नक्की झालं की पहिला प्रश्न येतो, नेमकं कुठल्या बेटावर? वस्ती असलेली आठ बेटं, सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. राज्य स्पेनचं, पण किनारा आफ्रिकेचा जवळ. आठवड्याच्या सुट्टीत सगळी उरकायला गेलात तर सुट्टी बोटींत आणि विमानतळांवरच सरेल. पहिल्या खेपेला खरी निवड तेनेरिफे आणि लान्झारोते या दोघांतच होते. माझा कौल आधीच सांगतो. आजी-आजोबांपासून शाळकरी पोरांपर्यंत सगळं घर निघालं असेल आणि प्रत्येकाची आवड वेगळी असेल, तर तेनेरिफे. दोघं-चौघं असाल आणि शेतीमातीशी नातं असेल, तर डोळे झाकून लान्झारोते.

तेनेरिफे सगळ्यांत मोठं, सुमारे 2034 चौरस किलोमीटरचं. मधोमध तेइदे, 3715 मीटर, अख्ख्या स्पेनमधलं सर्वांत उंच शिखर. आपलं कळसूबाई 1646 मीटर, त्यावरून अंदाज करा. या डोंगरानं बेटाचे दोन भाग केलेत. ईशान्येकडून येणारे वारे उत्तर उतारावर अडतात, ढग तिथंच साठतात, म्हणून उत्तरेला केळीच्या बागा आणि हिरवीगार दरी, तर दक्षिणेला कोरडं ऊन. सह्याद्रीनं ढग अडवले की काय होतं हे पर्जन्यछायेतल्या माणसाला वेगळं समजावायला नको. म्हणून पोहणं आणि ऊन हवं तर लोस क्रिस्तियानोसच्या बाजूला उतरा. जुनी गावं, बागा, जंगलवाटा हव्यात तर उत्तरेला पुएर्तो दे ला क्रूझला.

उत्तरेकडून गाडीनं तेइदेकडं चढताना आधी ढगात शिरतो, मग पाइनचं जंगल लागतं आणि मग एकाएकी लख्ख उन्हात येतो; ढग खाली राहिलेले असतात. केबल कार 3555 मीटरपर्यंत नेते. तिथून माथ्यावर जायला परवाना लागतो, तो ऑनलाइन आधीच काढायचा. वर हवा विरळ असते, हृदयविकार असलेल्यांनी केबल कारनं जाऊ नये. आजोबांना घेऊन खालच्या पठारावर रोकेस दे गार्सियाच्या सुळक्यांपाशी बसा, डोंगर तिथूनही पोटभर दिसतो. वारा वाढला की केबल कार बंद ठेवतात, तेव्हा हा बेत शेवटच्या दिवशी ठेवू नका. पोरांसाठी वॉटर पार्क आहेत, बोटीतून पायलट व्हेल दाखवतात. बससेवाही चांगली, गाडी चालवायची नसेल तरी अडत नाही.

आता लान्झारोते. वेरूळचं कैलास ज्या खडकात कोरलं तो साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा, आणि आपली कापसाची काळी जमीन म्हणजे त्याच खडकाची झीज. ही जमीन होण्याआधी काय असतं ते लान्झारोतेच्या तिमानफाया राष्ट्रीय उद्यानात दिसतं. 1730 ते 1736 अशी सहा वर्षं इथं ज्वालामुखी उसळत राहिले, गावं गाडली गेली, बेटाचा चौथा हिस्सा झाकला गेला. पावणेतीनशेहून जास्त वर्षं उलटली तरी त्या खडकावर बहुतेक ठिकाणी दगडफुलापलीकडं काही रुजलेलं नाही. खाली धग अजून आहे: कर्मचारी नळीत पाणी ओततात आणि क्षणात वाफेचा फवारा उडतो, खड्ड्यात वाळकी काटकी टाकली की पेट घेते. मात्र आत बसमधूनच फिरायचं, उतरू देत नाहीत. पायी चालायची हौस असेल तर उद्यानाबाहेरच्या वाटा धरा.

माझ्या मते लान्झारोतेला जायचं खरं कारण म्हणजे ला हेरिया, तिथला द्राक्षमळ्यांचा भाग. वर्षाकाठी जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस, नदी नाही, आणि तरीही द्राक्ष. ज्वालामुखीच्या काळ्या राखेत माणूस उभा मावेल एवढा उतरता खड्डा घेतात, तळाशी राखेखालच्या जुन्या मातीत वेल लावतात. एका खड्ड्यात एकच वेल, क्वचित दोन. वाऱ्याच्या बाजूनं कोरड्या दगडांची अर्धचंद्राकार भिंत रचतात. राख ओल धरून ठेवते, बाष्पीभवन रोखते. मल्चिंगचा कागद आपल्याकडं आता आला. इथं तेच काम राख करते. 2012-13 च्या दुष्काळात जालन्याकडच्या मोसंबीच्या बागा ज्यांनी वाळताना पाहिल्या, त्यांनी हे खड्डे कडेला उभं राहून बघावेत. पिण्याचं पाणी समुद्राचं, खारेपणा काढून घेतलेलं. लातूरला 2016 मध्ये रेल्वेनं पाणी आलं होतं, त्यामुळं हॉटेलच्या नळाकडंही आपली नजर वेगळीच जाते.

सेझार मानरिक या चित्रकारानं (1919-1992) बेटाला वळण दिलं: पांढरी बुटकी घरं, रस्त्याकडेला जाहिरातींचे फलक नाहीत. लाव्हाच्या बोगद्यात त्यानं सजवलेलं हामेओस देल आग्वा चुकवू नका. उणी बाजू म्हणजे वारा, आणि तो रोजचा. झाडोराही कमी. पोरं चार दिवसांत कंटाळू शकतात. आणि इथं गाडी हवीच, तेव्हा आरटीओकडून आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढून घ्या. तिकडं उजव्या बाजूनं चालवतात.

हवा दोन्हीकडं वर्षभर उबदार. मे महिन्यात परभणी-नांदेड तापत असताना तिकडं किनाऱ्यावर पंचविशीच्या आसपास असतं. पण समुद्र मेमध्ये बऱ्यापैकी गार लागतो. पाणी सर्वांत उबदार सप्टेंबर-ऑक्टोबरात. पोहायचं असेल तर दिवाळीची सुट्टी धरा.

शाकाहारी माणसाची दोन्हीकडं सोय होते. मिठाच्या पाण्यात सुरकुत्या पडेपर्यंत उकडलेले छोटे बटाटे आणि सोबत मोहो: लाल मोहोत सुकी मिरची, लसूण, जिरं, तेल, चवीला आपल्या ठेच्याचा सौम्य भाऊ. भाज्यांच्या सुपात मात्र मांस असू शकतं, विचारून घ्या. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर भाकरीचं पीठ कामी येईल. तूप, पेढे, खवा मात्र बॅगेत नको, युरोपीय संघात बाहेरून दुग्धजन्य पदार्थ आणायला बंदी आहे.

व्हिसा शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना एकच चालणारा; विमा किमान 30,000 युरोचा. भारतातून थेट विमान नाही. माद्रिदमार्गे गेलात तर सोपं. लंडनमार्गे तिकीट स्वस्त दिसलं तरी ब्रिटनचे व्हिसाचे नियम वेगळे आहेत, आधी तपासा.

दोन्ही बेटं हवीच असतील तर दहा दिवस काढा, आधी तेनेरिफे, मग छोट्या विमानानं लान्झारोते. त्याहून कमी दिवस असतील तर एकच निवडा.