टर्कीसाठी बाणाचं टोक: फिक्स्ड की मेकॅनिकल?

अमेरिकेत स्प्रिंग सीझनला, म्हणजे वसंतातल्या शिकारीच्या हंगामात, धनुष्याने टर्की हा पक्षी मारायचा तर बाणाला कुठलं ब्रॉडहेड (धारदार पात्यांचं टोक) लावायचं हा प्रश्न येतोच, माझं मत मेकॅनिकलला. पक्षी पिसांमुळे मोठा दिसतो पण मर्मस्थान जेमतेम मुठीएवढं, आणि मेकॅनिकलची पाती लागताक्षणी उघडून साधारण 2 इंच रुंद कापतात, त्यामुळे नेम जरासा चुकला तरी बिचारा जखमी होऊन पळायची शक्यता कमी. फिक्स्डची पाती कायम उघडीच असतात, काप सव्वा इंचाच्या आसपास, पण उघडायची भानगडच नाही, म्हणून कमी ताकदीचं धनुष्य ओढणाऱ्यांनी तेच घ्यावं, कारण पाती उघडण्यात बाणाचा थोडा जोर जातोच. दोन्हीत ब्लाइंड (लपून बसायचा आडोसा) हवाच, टर्कीची नजर फार तेज. नर पिसारा फुलवून उभा असेल तर थांबा, मिटल्यावरच बाण सोडा, फुललेल्या पिसांत मर्मस्थान नेमकं कळत नाही.