फिशर की ऑस्बर्न? नेब्रास्कात मत देण्याआधी

ऑमाहा-लिंकनकडची बरीच मराठी मंडळी अजून ठरवू शकलेली नाहीत, म्हणून लिहितोय. माझी मतपत्रिका मी भरून पाठवली आहे. यंदा, म्हणजे २०२४ मध्ये, ५ नोव्हेंबरला आपल्याकडे अमेरिकेच्या सिनेटच्या दोन्ही जागा एकाच मतपत्रिकेवर आहेत. पीट रिकेट्स यांची जागा वेगळी. मी बोलतोय ते विद्यमान रिपब्लिकन सिनेटर डेब फिशर आणि अपक्ष उमेदवार डॅन ऑस्बर्न यांच्या लढतीबद्दल.

गर्भपात, सीमा, कर यांवर दोघं काय म्हणतात ते टीव्हीवरच्या जाहिरातींनी एव्हाना पाठ करून घेतलंय. ते सोडतो.

ऑस्बर्न मला मनापासून आवडतात. केलॉग्जच्या ऑमाहा कारखान्यातले मेकॅनिक, २०२१ च्या संपात तिथल्या युनियनचे अध्यक्ष. शेतकऱ्याला स्वतःचं यंत्र स्वतः दुरुस्त करता आलं पाहिजे, हा त्यांचा मुद्दा तर माझ्या रोजच्या कामातला. मी धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल घेऊन साठवणाऱ्या कोठारावर, नोकरी करतो. सोयाबीनच्या हंगामात आमच्याकडे माल घालणाऱ्या एका शेतकऱ्याचं कंबाइन (कापणी-मळणीचं यंत्र) भर शेतात अडलं. बिघाड एका सेन्सरचा. सेन्सर त्याने स्वतः बदललाही, पण डीलरचा माणूस लॅपटॉप लावून कोड पुसेपर्यंत इंजिन जोर धरेना. तो माणूस येईपर्यंत शेंगा उकलून दाणे मातीत पडले होते. हे पाहिल्यावर कुणाचंही मन ऑस्बर्न यांच्याकडे वळेल.

फिशर यांनी २०१२ मध्ये दोनच टर्मचा शब्द दिला होता, आता तिसरी मागताहेत. ज्येष्ठतेचं महत्त्व कळलं, हे त्यांचं उत्तर मला पुरतं पटलेलं नाही.

तरी मत त्यांनाच दिलं. निवडून आलो तर कोणत्याच पक्षाच्या गटात बसणार नाही, असं ऑस्बर्न सांगतात, आणि माझं घोडं तिथेच अडलं. सिनेटमध्ये समित्यांच्या जागा पक्षांच्या गटांमधूनच वाटल्या जातात. बर्नी सँडर्स, अँगस किंग हे सिनेटर अपक्ष खरे, पण डेमोक्रॅटांच्या गटात बसतात म्हणून त्यांना समित्या मिळतात. ओरेगॉनचे सिनेटर वेन मोर्स रिपब्लिकन पक्ष सोडून अपक्ष झाले आणि १९५३ मध्ये घडीची खुर्ची घेऊन सभागृहात आले, दोन्ही बाजूंच्या मधल्या वाटेत बसायला. सैन्यदल आणि कामगार या दोन्ही समित्यांमधल्या त्यांच्या जागा गेल्या.

२०१८ च्या शेती कायद्याची वाढीव मुदतही ३० सप्टेंबर २०२४ ला संपली. नवा कायदा शेती समितीत घडणार, पैसा विनियोजन समितीतून सुटणार. फिशर आज दोन्हींत आहेत. दुरुस्तीच्या हक्काचं विधेयकही कुठल्या ना कुठल्या समितीतूनच पुढे सरकणार ना? ऑस्बर्न यांनी नुसता गट सांगितला असता, मग तो कोणताही असो, तर मी बहुधा त्यांच्याच नावापुढचा गोल काळा केला असता.

तुमचं गणित वेगळं असू शकतं. बहुमत अगदी काठावर आलं तर एकटा अपक्षही दोन्ही पक्षांकडून हवं ते पदरात पाडून घेईल, असं माझे काही मित्र म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. निवडणुकीतल्या कंपन्यांच्या पैशाचा ज्यांना मनस्वी राग आहे त्यांनाही ऑस्बर्नच जवळचे वाटतील. मला मात्र काठावरच्या बहुमताच्या भरवशावर शेती समितीतली हातातली जागा सोडवेना.

मतपत्रिका अजून घरात असेल तर आता पोस्टावर विसंबू नका. काउंटीच्या पेटीत टाका. ऑमाहाच्या वेळेनुसार ५ तारखेला रात्री ८ पर्यंत ती पोचायला हवी.