टेबलावरचे जुने स्कॉटिश पेपरवेट: सप्टेंबर ते जून वापरून झाल्यावर

जुने कलात्मक काचेचे पेपरवेट जमवणारे लोक ते सहसा आत दिवा असलेल्या कपाटात मांडतात. मी स्कॉटलंडमध्ये डंडीला राहतो, घरूनच काम करतो, आणि माझे चारही पेपरवेट लॅपटॉपशेजारी पडलेले असतात. रोज हाताळले जातात, सरकवले जातात, क्वचित त्यांच्यावर चहाही सांडतो. कपाटातल्या वस्तूबद्दल लिहिलेलं भरपूर वाचायला मिळतं, म्हणून हे टेबलावरच्या वस्तूबद्दल.

चौघांची ओळख: एक स्ट्रॅथर्न, एक पर्थशर, एक केथनेस (ही तिन्ही स्कॉटिश काचकारखान्यांची नावं) आणि एक निनावी चिनी. चिनी चार पौंडांना मिळाला, केथनेस चॅरिटी शॉपमध्ये बारा पौंडांना, स्ट्रॅथर्न जुन्या बाजारात पस्तीसला आणि पर्थशर लिलावात, कमिशन धरून सत्तरच्या आसपास. फ्रेंच एकही नाही. बकारा, सँ-लुई आणि क्लिशी या तीन कारखान्यांनी साधारण १८४५ ते १८६० या काळात जे पेपरवेट केले ते या छंदाचं शिखर मानतात, आणि त्यांच्या किमती माझ्या पगाराशी बोलत नाहीत. शिवाय १८४७ सालची काच समोर ठेवून मी चहा पिऊ शकलो नसतो. वापरायचं असेल तर स्कॉटिश घ्या, हे माझं मत इतक्या महिन्यांनंतर जास्तच पक्कं झालंय.

आधी ‘काम करतो का’ ते उरकून टाकतो. आपल्याकडे पेपरवेट म्हटलं की सरकारी कचेरी, वर गरगरणारा पंखा आणि खाली हिरवट, बुडबुड्यांचा गोळा. इथे पंखा नाही, खिडक्या बहुतेक काळ बंद, आणि कागद म्हणजे काउन्सिल टॅक्सची, म्हणजे इथल्या घरपट्टीची पत्रं. नेहमीच्या मापाचा पेपरवेट तीन इंच व्यासाचा आणि वजनाला अर्धा किलोच्या आगेमागे असतो, त्यामुळे तो काहीही दाबून ठेवतो. माझा खरा वापर वेगळा आहे. लांबलेल्या मीटिंगमध्ये मी तो हातात घेऊन फिरवत बसतो. हिवाळ्यात सकाळी काच इतकी गार असते की पहिली पाच मिनिटं नको वाटतं, मग ती तळहाताची ऊब धरते आणि बराच वेळ सोडत नाही.

या हाताळण्यातच पर्थशर बाकी तिघांच्या पुढे निघून गेला. तो मिलेफिओरी आहे. म्हणजे रंगीत काचेचे थर साच्यातून काढून, जुळवून, तापवून लांब ओढतात, त्याची पेन्सिलीहून बारीक कांडी होते, आणि कांडीचे पातळ काप केले की प्रत्येक कापावर तीच नक्षी उमटते. हे काप एकेक करून मांडायचे, तापवायचे, वितळलेल्या काचेने उचलायचे आणि वर स्वच्छ काचेचा घुमट चढवायचा. नंतर भट्टीत सावकाश थंड करायचं, नाहीतर आतल्या ताणाने काच तडकते. घुमट भिंगाचं काम करतो, म्हणून आतली नक्षी आहे त्याहून मोठी दिसते. माझ्या पर्थशरला बाजूंनी पैलू पाडलेले आहेत. वरून पाहिलं की एक मोठं वर्तुळ, तिरकं धरलं की प्रत्येक पैलूत तेच वर्तुळ छोटं होऊन बसलेलं. मार्चमध्ये केव्हातरी मला एका पैलूतून ‘P’ अक्षराची कांडी दिसली. ती तिथे आहे हे लिलावाच्या वर्णनात लिहिलेलंच होतं, पण शोधायला मजा आली.

या कारखान्याची गोष्ट मला त्याच्या मालाइतकीच आवडते. स्टुअर्ट ड्रायस्डेल हा क्रीफ गावातला वकील. स्ट्रॅथर्न काचकारखान्याचा कारभार तो बघत होता. अमेरिकेतून आलेल्या एका मासिकातला जुन्या फ्रेंच पेपरवेटांवरचा लेख त्याच्या पाहण्यात आला, आणि आपणही त्याच तोडीचं काम करावं असं त्याच्या मनाने घेतलं. १९६८ मध्ये त्याने पर्थशर पेपरवेट्स सुरू केलं. २००२ मध्ये ते बंद पडलं. म्हणजे ‘व्हिंटेज’ म्हणतो त्यातला काही माल माझ्या कॉलेजच्या दिवसांतला आहे, हे पचायला जरा वेळ लागला.

स्ट्रॅथर्न त्याच गावचा, पण स्वभावाने मोकळाढाकळा. रंगीत तळ, पिळाच्या कांड्यांनी चाकाच्या आऱ्यांसारखे पाडलेले भाग, मधल्या जागांत मिलेफिओरीचे काप. काही काप किंचित कलंडलेले आहेत आणि मला ते तसेच आवडतात. बुडाला उसळी मारणाऱ्या सॅमन माशाचा ठसा आहे, ही स्ट्रॅथर्नची खूण. या घराण्याची मुळं थेट बार्सिलोनात जातात. साल्व्हादोर इसार्ट हा तिथला काचकारागीर पहिल्या महायुद्धाच्या काळात कुटुंबासह स्कॉटलंडला आला आणि पुढे पर्थच्या मॉन्क्रीफ कारखान्यात लागला. १९२४ पासून तिथे मोनार्ट नावाची कलात्मक काच होऊ लागली. दुसऱ्या महायुद्धानंतर साल्व्हादोर आणि दोन मुलांनी वेगळा उद्योग काढला, तोच पुढे व्हासार्ट आणि मग स्ट्रॅथर्न झाला. थोरला मुलगा पॉल मात्र मॉन्क्रीफमध्येच राहिला आणि १९६३ मध्ये केथनेसला गेला. त्याच्या आद्याक्षरांची ‘PY’ कांडी असलेला पेपरवेट म्हणजे स्कॉटिश संग्राहकांचा जीव की प्राण. मी अजून फक्त काचेपलीकडून पाहिलेत.

केथनेस ग्लास १९६१ मध्ये अगदी उत्तरेला, विक गावी सुरू झाली. तिचे पेपरवेट निराळे दिसतात कारण तिथे डिझायनर कॉलिन टेरिसने फ्रेंच नमुन्यांची वाट सोडून बुडबुडे, धूसर पडदे आणि अवकाश असे आधुनिक आकार आणले. १९६९ चा पहिला संच ग्रहांचा होता. माझा मूनफ्लॉवर नावाच्या नमुन्याचा आहे, मधोमध बुडबुडा आणि भोवती पाकळ्यांसारखा रंग. सुरुवातीला मी सगळ्यात जास्त त्याच्याकडेच बघायचो. डिसेंबरपर्यंत बघून झालं होतं. एका नजरेत सगळं सांगून टाकतो तो. पण टेबलावर राबायला हाच सगळ्यांत बरा: पैलू नाहीत, कडा नाहीत, आणि बारा पौंडांच्या वस्तूवर चहा सांडला तर जीव वरखाली होत नाही. नवीन घेणाऱ्याने एक लक्षात ठेवावं, बुडावर ‘लिमिटेड एडिशन’ कोरलेलं दिसलं म्हणून हुरळून जायचं नाही. मर्यादा पाचशेची आहे की तीन हजारांची, ते विचारायचं.

चिनीबद्दल फार नाही. काच पिवळसर, कांड्या भरड, बूड खडबडीत. चीनमध्ये १९३० च्या दशकापासून फ्रेंच पेपरवेटांच्या नकला होत आल्या आहेत, पण माझा इतका जुना नसावा. तो वाणसामानाच्या पावत्यांवर असतो.

आता बुडाचं. विक्रेते फोटो वरून काढतात आणि वस्तू खालून कळते. पेपरवेट हातात आला की आधी उलटा करा. वापरातली जुनी वस्तू टेबलावर टेकते तिथे, म्हणजे बाहेरच्या कडेवर, बारीक, वेड्यावाकड्या दिशांच्या चऱ्यांचं कडं असायला हवं. बुडाच्या मधल्या खोलगट भागात सारख्या दिशेचे ओरखडे दिसले तर कुणीतरी ते घासून आणलेत. वर घुमटावर बोट फिरवा. धक्का लागला की अर्धचंद्रासारखा बारीक टवका उमटतो, तो नजरेआधी नखाला लागतो. टवके घालवण्यासाठी पुन्हा घासून पॉलिश केलेले पेपरवेट बाजारात खूप आहेत. त्यात चूक काही नाही, पण घुमट चपटा झाला की नक्षी लहान दिसू लागते आणि मूळ आकार गेला तो गेलाच.

आतल्या कांडीवर दिसणाऱ्या सालावरही डोळे झाकून विश्वास नको. बकाराच्या साल दाखवणाऱ्या कांड्या बहुतेक १८४६ ते १८४९ च्या, त्यातही १८४८ ची सर्वांत जास्त भेटते. पण ‘१८४८’ लिहिलेले इंग्लिश पेपरवेट आणि शाईच्या दौतीही मिळतात. त्या बरीच वर्षं लंडनच्या व्हाइटफ्रायर्सच्या नावावर खपल्या, आणि आता अभ्यासक त्यांना विसाव्या शतकात टाकतात. अतिनील टॉर्च मी घेतली. तिचा उपयोग एवढाच की राळ भरून केलेली दुरुस्ती काचेहून वेगळी चमकते. नुसत्या चकाकीवरून कारखाना ओळखण्याचे दावे माझ्या टेबलावर तरी सिद्ध झाले नाहीत.

उन्हाची सूचना मात्र मनावर घ्या, कारण ती कपाटवाल्यांपेक्षा आपल्याला लागू आहे. घुमट भिंग असतो हे वर आलंच. इथे डिसेंबरात भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम दहा अंश वर असतो, त्यामुळे ऊन आडवं होऊन खोलीच्या पार आतल्या भिंतीपर्यंत येतं. उन्हाळ्यात सुरक्षित वाटणारं टेबल हिवाळ्यात सुरक्षित नसतं. माझ्या टेबलावर पेपरवेटच्या पलीकडे डोळे दिपवणारा ठिपका पडायचा आणि तासाभरात तो पावत्यांच्या गठ्ठ्याकडे सरकायचा. अशाने घरं पेटल्याची उदाहरणं आहेत. आता खिडकीच्या बाजूला पुस्तकांची ओळ आहे आणि बाहेर जाताना चौघेही सुती रुमालाखाली जातात.

देखभाल फारशी नाही. कोमट पाणी, थेंबभर साबण, मऊ कापड. गार पेपरवेट एकदम गरम पाण्यात घालू नका आणि डिशवॉशरचं तर नावच नको. लाकडी टेबल असेल तर खाली फेल्टचा तुकडा ठेवा, पण बुडाला चिकटवू नका. खूण झाकली जाते आणि पुढचा घेणारा डिंक खरवडत बसतो.

पोस्टाने मागवत असाल तर विक्रेत्याला एकच सांगा: दोन पेपरवेट एका खोक्यात एकमेकांना लागू देऊ नका. माझ्या स्ट्रॅथर्नला जोडी म्हणून मागवलेला दुसरा असाच, आणखी एकाबरोबर एका खोक्यात आला. काच फुटलेली नव्हती, पण दोघांनी प्रवासभर एकमेकांना ठोकरलेलं, आणि घुमटावर तीन ताजे अर्धचंद्र. तो मी परत केला. आता विचारताना पुठ्ठ्याच्या दोन वेगळ्या डब्या, मध्ये किमान दोन बोटं जागा, असं लिहूनच देतो.