वेरा लिनचा तीन सिनेमांचा डीव्हीडी सेट: पहिल्या डिस्कसाठी घ्याच

जुन्या इंग्लिश गाण्यांचा ज्यांना नाद आहे त्यांच्यासाठी लिहून राहिली आहे. वेरा लिन म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटनची सगळ्यात लाडकी गायिका, लोक तिला 'फोर्सेस स्वीटहार्ट', म्हणजे फौजेची लाडकी, म्हणायचे. जन्म 1917 चा, लंडनच्या ईस्ट हॅममधला, आणि गेली 2020 मध्ये, 103 वर्षांची होऊन. युद्ध चालू होतं तेव्हाच तिला हिरोईन घेऊन तीन सिनेमे काढले होते, 'वुईल मीट अगेन' आणि 'रिदम सेरेनेड' हे दोन 1943 चे आणि 'वन एक्सायटिंग नाइट' 1944 चा. हे तिन्ही असलेला सेट इंग्लंडहून मागवला आणि मे महिन्यात, नागपूरच्या त्या उन्हात, घरी बसून सगळे पाहिले.

आधी कामाचं सांगते कारण पैसे वाया जायचे तर इथेच जातात. डीव्हीडी जगाच्या कोणत्या भागात चालावी याचा रीजन नावाचा नंबर असतो, ब्रिटनच्या डिस्क रीजन 2 च्या असतात आणि आपल्याकडचे प्लेयर रीजन 5 चे, विकणाऱ्याने याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं, घरच्या प्लेयरने डिस्क घेतलीच नाही. लॅपटॉपवर रीजन बदलता येतो पण फक्त पाच वेळा, मग तो ड्राइव्ह कायमचा त्याच रीजनवर अडकतो, म्हणून त्या भानगडीत पडू नका. व्हीएलसी हा व्हिडिओ पाहायचा फुकटचा प्रोग्राम टाका, बहुतेक ड्राइव्हवर रीजनला हात न लावता चालतं, माझ्याकडे चाललं, एचडीएमआय वायर टीव्हीला लावली की झालं.

दुसरी तक्रार मात्र मोठी आहे, निदान गाणं ऐकणाऱ्यासाठी. सिनेमा सेकंदाला 24 फ्रेमचा असतो, पाल या ब्रिटनच्या जुन्या टीव्ही सिस्टिमच्या डीव्हीडीवर तो 25 ने पळतो, म्हणजे साधारण 4 टक्के जोरात, आणि आवाज दुरुस्त केला नाही तर पट्टी जवळजवळ पाऊण सेमीटोन (पेटीवरच्या लगतच्या दोन सुरांमधलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) वर चढते. या सेटमध्ये दुरुस्त केलेला नाही. मी पेटी घेऊन बसले तर डिस्कवरचा सूर दोन पट्ट्यांच्या मधेच लटकून राहिला होता, पांढरीत बसेना की काळीत बसेना. दुसऱ्या कोणाच्या सिनेमात हे एकवेळ चाललं असतं, पण वेरा लिनचं सगळं सामर्थ्यच खालच्या सुरात आहे, ती गाणी मुद्दाम आपल्या आवाजाला मानवेल अशी खाली उतरवून घ्यायची. व्हीएलसीत स्पीड 0.96 करा आणि सेटिंगमध्ये टाइम स्ट्रेचिंग बंद करा, आवाज जागेवर येतो. एवढं करून मगच पहा, खरंच सांगते, बाईच वेगळी वाटते.

आता सिनेमा. 'वुईल मीट अगेन'ची गोष्ट साधी आहे, पेगी ब्राउन नावाची लंडनमधली डान्सर, तिचा मित्र गाणी लिहितो, ती त्याच्या गाण्यासाठी खटपट करते आणि लोक तिच्याच आवाजाच्या प्रेमात पडतात. डायरेक्टर फिलिप ब्रँडन. अभिनय म्हणाल तर वेरा लिन नटी नाही, संवाद म्हणताना हात कुठे ठेवायचे हे तिला कळत नाही असं वाटत राहतं, शेजारी पॅट्रिशिया रॉक ही मुरलेली नटी उभी राहिली की फरक लगेच दिसतो. पण बॉम्बहल्ल्याच्या वेळी थिएटरात अडकलेल्या लोकांना धीर द्यायला ती गाते तो सीन पहा. बाहेर विमानं आहेत आणि ही आवाज चढवत नाही! जोर लावत नाही, हातवारे नाहीत, समोरच्या एका माणसाला सांगावं तसं गाते, आणि हळूहळू लोक तिच्या मागे म्हणायला लागतात. हे ऐकायला आम्ही कूलर बंद केला, मे महिन्यात, आणि आई एका शब्दाने बोलली नाही.

आपल्या लोकांना यातली गंमत लवकर कळेल असं मला वाटतं. नाट्यसंगीतात आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकावा लागायचा, नंतर माइक आला, रेडिओ आला आणि भावगीत कानाजवळ येऊन बोलायला लागलं. वेरा लिन तिकडच्या त्याच बदलाची बाई आहे. 1941 मध्ये बीबीसीवर तिचा 'सिन्सियरली युवर्स' नावाचा कार्यक्रम सुरू झाला, दूर गेलेल्या सैनिकांनी मागितलेली गाणी म्हणायची, बाळंतिणींना दवाखान्यात जाऊन भेटायची आणि रेडिओवरून त्या बाळाच्या बापाला निरोप द्यायची. वरच्या काही साहेब लोकांना हे पटत नव्हतं, असल्या हळव्या गाण्यांनी शिपाई ढिले पडतील म्हणे. 'वुईल मीट अगेन'मध्ये असाच रेडिओ कार्यक्रम घेतलाय, गेराल्डो या तेव्हाच्या बँडवाल्याचा ऑर्केस्ट्रा मागे आहे, आणि चहाच्या किटलीवरचं एक गाणं आहे, गळ्यापर्यंत उकळत्या पाण्यात असूनही किटली गातेच नं, तसं गात रहा असा अर्थ. इतकं घरगुती गाणं युद्धाच्या सिनेमात ठेवायला धाडस लागतं, मला ते टायटल साँगहून जास्त आवडलं.

'रिदम सेरेनेड' पाहायला शेजारच्या काकूंना बोलावलं होतं, त्या अंबाझरीच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतून रिटायर झाल्या आहेत. यात वेरा शाळामास्तरीण आहे, तिला नौदलात जायचं असतं पण दारूगोळ्याच्या कारखान्यात काम करणाऱ्या बायांच्या पोरांसाठी पाळणाघर काढ म्हणून तिला सांगतात. काकू इंग्लिश पुरतं समजत नसूनही (सबटायटल्स नाहीत, हा अजून एक दोष) शेवटपर्यंत हलल्या नाहीत, मला म्हणाल्या, "पोरी, मशीनवर उभं राहणाऱ्या बाईचं अर्धं डोकं घरच्या लेकराकडे असते, हे यांना तेव्हाच कळलं होतं पाय." आपल्याकडे 1948 च्या फॅक्टरी ॲक्टने मोठ्या कारखान्यांत पाळणाघर बंधनकारक केलं, म्हणून 1943 च्या करमणुकीच्या सिनेमात हा विषय पाहून मलाही फार बरं वाटलं. जिमी ज्युएल आणि बेन वॉरिसची विनोदी जोडी मधे मधे येते ती लांबते.

'वन एक्सायटिंग नाइट' डायरेक्टर वॉल्टर फोर्डचा, रेम्ब्राँ या जुन्या डच चित्रकाराचं चित्र, गुंड, धावपळ, त्यात वेराला उगाच ओढलंय. दोन गाणी ऐका आणि पुढे ढकला.

एक गोष्ट मात्र मनाला लागते. तिन्ही सिनेमांत युद्ध म्हणजे लंडन, आणि आपला माणूस कुठेच नाही, जेव्हा की 25 लाख भारतीय या युद्धात होते. महार रेजिमेंटची दुसरी बटालियन 1942 मध्ये इथे कामठीलाच उभी राहिली आणि ब्रह्मदेशात गेली, हे आमच्या इकडच्या किती घरांत सांगतात माहीत आहे. आणि वेरा लिन स्वतः तिथे गेली होती! 1944 मध्ये इजिप्त, भारत करत ब्रह्मदेशातल्या आराकानच्या बाजूला, ट्रकवर छोटा पियानो, अंगात खाकी हाफपँट, उकाड्यात जंगलात उभी राहून तिथे जपानशी लढणाऱ्या ब्रिटिशांच्या चौदाव्या आर्मीसमोर गायली, आणि त्या आर्मीत बहुसंख्य भारतीय होते. त्यासाठी 1985 मध्ये तिला बर्मा स्टार हे ब्रह्मदेशाच्या लढाईचं पदक दिलं. चौथा सिनेमा त्यावर निघायला पाहिजे होता. निदान सेटमध्ये चार पानांची पुस्तिका तरी द्यायची, तीही नाही, नुसत्या तीन डिस्क आणि एक फोटो.

प्रिंट पहिल्या सिनेमाची स्वच्छ आहे, दुसऱ्यात रेषा आणि खरखर. किंमत शिपिंग धरून स्वस्त नाही, म्हणून पहिला सिनेमा सुटा मिळाला तर तो आधी घ्या, सेट नंतर. आणि हो, हेडफोन लावून ऐका, टीव्हीच्या स्पीकरवर तिचा खालचा आवाज दबतो.