तुरुंगानंतरचे दोन रस्ते: टायसनचा आणि व्हिकचा

शिक्षा भोगून आलेल्या नामांकित खेळाडूला पुन्हा कोट्यवधी कमवू द्यावेत का? प्रेक्षक म्हणून तिकीट काढायचं असो, क्लबच्या समितीत मत द्यायचं असो किंवा प्रायोजक म्हणून चेकवर सही करायची असो, नुसतं 'हो' किंवा 'नाही' म्हणून हा प्रश्न सुटत नाही. तो माणूस कोणत्या रस्त्याने परत आला, हे बघावं लागतं. मला दोन रस्ते ठळक दिसतात आणि त्यातल्या एकाकडे माझा कल आहे, हे आधीच सांगून टाकतो.

पहिला बॉक्सर माइक टायसनचा. १९९२ मध्ये बलात्काराच्या खटल्यात तो दोषी ठरला, सहा वर्षांची शिक्षा झाली आणि तीन वर्षं पूर्ण व्हायच्या आत, मार्च १९९५ मध्ये तो बाहेर आला. त्याच ऑगस्टमध्ये लास वेगासला पीटर मॅकनीलीविरुद्धची लढत ८९ सेकंदांत आटोपली. तेवढ्यासाठी त्याला अडीच कोटी डॉलर मिळाल्याचं तेव्हा छापून आलं होतं. मधे पायरी अशी नव्हतीच. तुरुंगाचं दार उघडलं आणि समोर थेट मोठा मंच.

दुसरा मायकल व्हिकचा. अमेरिकन फुटबॉलमधल्या अटलांटा फाल्कन्स संघाचा हा क्वार्टरबॅक, म्हणजे संघाची चढाई चालवणारा मुख्य खेळाडू, २००४ मध्ये दहा वर्षांच्या १३ कोटी डॉलरच्या करारावर सही करून बसला होता. २००७ मध्ये त्याच्या व्हर्जिनियातल्या जागेवर कुत्र्यांच्या झुंजींचा अड्डा सापडला. त्याने गुन्हा कबूल केला, २३ महिन्यांची शिक्षा झाली आणि २००८ मध्ये तुरुंगात असतानाच दिवाळखोरीचा अर्ज करायची वेळ आली. सुटकेच्या आधीचे शेवटचे दोन महिने घरी नजरकैदेत काढताना तो एका बांधकाम कंपनीत तासाला दहा डॉलरवर कामाला जात होता. मग ऑगस्ट २००९ मध्ये फिलाडेल्फिया ईगल्सने त्याला घेतलं, पहिल्या वर्षी १६ लाख डॉलरवर आणि तेही राखीव म्हणून. दहा कोटी डॉलरचा करार आला तो २०११ मध्ये.

टायसनच्या रस्त्याची बाजू कमकुवत नाही, हेही मान्य करायला हवं. न्यायालयाने दिलेली शिक्षा संपली की वरून आणखी शिक्षा देणारे आपण कोण? खेळाडूचा उमेदीचा काळ मोजका असतो. पंचविशी-तिशीतली तीन वर्षं गेली तर ती नंतर भरून निघत नाहीत. लोक स्वखुशीने पैसे मोजत असतील तर ते त्याने घेऊ नयेत, असं कोणत्या तोंडाने म्हणायचं? शिवाय टायसनने तो गुन्हा कधीच मान्य केला नाही. जो स्वतःला निर्दोष मानतो त्याच्याकडून पश्चात्तापाची अपेक्षा कशी करायची, हा प्रश्न मलाही अडवतो.

कायमची दारं बंद करा म्हणणारा तिसरा पक्ष मात्र मला पटत नाही. वेल्सचा फुटबॉलपटू चेड इव्हान्स २०१२ मध्ये दोषी ठरला. सुटल्यावर कोणत्याच क्लबने त्याला घेऊ नये म्हणून मोहिमा झाल्या, ठरत आलेले करार मोडले. २०१६ मध्ये तीच शिक्षा रद्द झाली आणि फेरखटल्यात तो निर्दोष सुटला. कायमची बंदी घातली असती तर ती मागे कशी घेतली असती?

आता माझं मत कशामुळे ठरलं ते सांगतो. एका क्लबच्या समितीवर मी काही काळ होतो. मारहाणीच्या गुन्ह्यात आत जाऊन आलेला एक जुना, गाजलेला खेळाडू मानधनावर प्रशिक्षक म्हणून यायला तयार होता. त्याचा अर्ज एका पानाचा होता. वर सगळे विक्रम, पदकं, कर्णधारपद. खाली एक ओळ: 'वैयक्तिक कारणांमुळे दोन वर्षे खेळापासून दूर.' त्याच्या शिकवण्याबद्दल कुणालाच शंका नव्हती. बैठकीत तासभर चर्चा झाली ती मानधन किती, सकाळच्या बॅचला वेळ देईल का, नावामुळे प्रवेश किती वाढतील, यावर. ज्याला त्याने मारलं होतं तो माणूस आता चालतो-फिरतो का, हे बैठकीतल्या एकालाही माहीत नव्हतं आणि कुणी विचारलंही नाही. ती ओळ मला आजही खुपते.

त्यानंतर टीव्हीवरही मला तेच दिसायला लागलं. तुरुंगवासाबद्दल समालोचक असे बोलतात जणू गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं: दोन मोसम हुकले, वजन वाढलं होतं, पण बघा कसा जिद्दीने परत आला! व्हिकलाही २०१० मध्ये पुनरागमनाचा वार्षिक पुरस्कार मिळाला, जो बहुतेकदा दुखापतीतून उठलेल्यांना मिळतो. माझ्या आवडत्या रस्त्यावरही हा खडा आहेच. दुखापत आपल्याला होते. गुन्हा आपण दुसऱ्याविरुद्ध केलेला असतो, आणि त्या दुसऱ्याला परत येण्यासाठी ना मैदान असतं ना पुरस्कार.

व्हिकच्या बाबतीत हा खडा मला थोडा कमी टोचतो, कारण त्याने स्वतः तो विषय पुसला नाही. त्याच्याकडून जप्त झालेल्या सुमारे ५० कुत्र्यांच्या देखभालीसाठी त्याला नऊ लाखांहून जास्त डॉलर भरावे लागले. ते न्यायालयाने भरायला लावले, खरं आहे. पण त्यानंतर तो शाळांमधून मुलांसमोर उभा राहून 'मी हे केलं' असं सांगत फिरला, आणि २०११ मध्ये झुंजी बघायला जाणाऱ्यांनाही शिक्षा व्हावी म्हणून वॉशिंग्टनला जाऊन कायद्याच्या बाजूने बोलला. नवे पैसे येत असताना जुनी देणी आधी, आणि स्वतःसाठी न्यायालयाने ठरवून दिलेला तेवढाच खर्च, अशी कित्येक वर्षं त्याने काढली. कुत्र्यांवर जीव असणाऱ्या अनेकांनी त्याला आजही माफ केलेलं नाही, आणि तो त्यांचा हक्क आहे.

पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर याच रस्त्याच्या जवळचा. २०१० मध्ये लॉर्ड्‌सवर पैसे घेऊन टाकलेले नो-बॉल, वय अठरा, न्यायालयात कबुली, सहा महिन्यांची शिक्षा आणि पाच वर्षांची बंदी. २०१६ मध्ये परतण्याआधी तो देशांतर्गत क्रिकेट खेळून आला. संघातल्या काही सहकाऱ्यांनी त्याच्याबरोबर सराव करायलाही आधी नकार दिला, तोही त्याने सोसला. २०१७ च्या चॅम्पियन्स ट्रॉफी अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली, धवन यांना लागोपाठ काढलं तेव्हा जीव जळला, पण 'हा इथे कसा?' असं मनात आलं नाही. टायसनच्या ८९ सेकंदांबद्दल मात्र ते दर वेळी येतं.

त्यामुळे तुम्ही ठरवणारे असाल तर माझं मत, अर्थात तुमचा अनुभव वेगळा असू शकतो: खेळू द्या, कमवूही द्या, पण मोठा पैसा पहिल्याच दिवशी नको, आणि ज्याचं नुकसान झालं त्याचं देणं आधी. आमच्या समितीत मी एवढंच मागितलं की ती ओळ काढून खटल्याची खरी माहिती अर्जावर यावी आणि पहिलं वर्ष ठरलेल्या मानधनाच्या निम्म्यावर काम व्हावं. पहिल्या अटीवर त्याने दोन दिवस विचार केला आणि नवा अर्ज स्वतःच्या हाताने लिहून आणला. निम्म्या मानधनावर त्याने चकार शब्द काढला नाही. मी त्याच्या बाजूने मत दिलं.