लिसन विदाऊट प्रेज्युडिस: फेथनंतरचा रुसलेला जॉर्ज मायकल

ब्रिटिश पॉप गायक जॉर्ज मायकल म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांच्या डोक्यात केअरलेस व्हिस्परचा सॅक्सोफोन सुरू होतो आणि गाडी तिथेच थांबते. फार तर डिसेंबरमध्ये लास्ट ख्रिसमस. फेथ हा अल्बम निदान नावाने तरी माहीत असतो, पण त्याच्यानंतर १९९० मध्ये आलेला लिसन विदाऊट प्रेज्युडिस व्हॉल्यूम १ विचारलात तर समोरचा म्हणतो, हो का, असा पण एक होता का. होता, आणि माझ्या मते त्याचं सगळ्यात भारी काम तेच आहे. म्हणजे अर्धं तरी.

आधी फेथचा लोड समजून घ्या. १९८७ चा अल्बम, त्यातली चार गाणी अमेरिकेत नंबर वन, वर अल्बम ऑफ द इयरचं ग्रॅमी, आणि पोरींच्या भिंतीवर लेदर जॅकेट, गॉगल, दाढीचे खुंट, फाटकी जीन्स. माणूस तेव्हा पंचविशीत. अशा वेळी कुठलाही शहाणा माणूस फेथ पार्ट टू काढेल आणि पैसे मोजत बसेल. यानं काय केलं, तर अल्बमच्या कव्हरवरून स्वतःचा चेहरा उडवला, नावही उडवलं, आणि तिथे १९४० साली वीजी नावाच्या फोटोग्राफरने कोनी आयलंडच्या बीचवर काढलेला तुडुंब गर्दीचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो लावला. वर कंपनीला सांगितलं की मी व्हिडिओत दिसणार नाही. कंपनी म्हणजे सोनी, ज्यांनी नुकतीच १९८८ मध्ये सीबीएस रेकॉर्ड्स विकत घेतली होती आणि त्या खरेदीत हा सोन्याचा माणूस आयता हाती आला होता. त्यांच्या पोटात काय गोळा आला असेल विचार करा.

आता गाणी. सुरुवातच प्रेइंग फॉर टाइमने होते, आणि हे पॉप अल्बमचं पहिलं गाणं म्हणून कुणी ठेवेल असं वाटत नाही. संथ, जड, आवाजावर भरपूर एको, विषय काय तर श्रीमंतांचा हावरटपणा, गरिबांची उपेक्षा, आणि देव आपल्यावर वैतागून लांब निघून गेलाय की काय. प्रेमबिम काही नाही. व्हिडिओ काय, तर काळ्या पडद्यावर गाण्याचे शब्द, बास. तरीही हे अमेरिकेत नंबर वन झालं, यावरून त्या वेळी लोकांचा त्याच्यावर किती जीव होता ते कळतं. मला यात आवडतं ते हे की तो कुठेही ओरडत नाही. जॉर्जकडे आवाज होता, कुठल्याही ओळीवर हुकमी टाळ्या घेऊ शकला असता, पण इथे तो आवाज दाबून गातो आणि त्यामुळेच राग जास्त पोचतो.

मग लगेच फ्रीडम नाइन्टी. हे नाइन्टी कशाला, तर व्हॅम या आधीच्या ग्रुपमध्ये असताना १९८४ ला त्याचं फ्रीडम नावाचं एक गाणं आधीच होतं. हे साडेसहा मिनिटांचं आहे आणि कोरस यायला इतका वेळ लावतं की आजच्या कुठल्याही लेबलवाल्याने पहिलं मिनिट कापून टाकलं असतं. पण तीच तर मजा आहे राव. आधी ठेका, मग पियानो, मग तो अगदी निवांतपणे हिशोब मांडतो की मी लहान होतो, चकाचक होतो, तुम्ही म्हणाल तसा नाचलो, आता बास. आणि मागून सगळा कोरस फुटतो तेव्हा अंगावर काटा येतो. व्हिडिओ डेव्हिड फिंचरचा, जो तेव्हा सिनेमावाला व्हायचा होता, आणि जॉर्जच्या जागी ओठ हलवायला कोण, तर त्या वेळच्या सुपरमॉडेल्स, नाओमी कॅम्पबेल, सिंडी क्रॉफर्ड, लिंडा इव्हान्जेलिस्टा, ख्रिस्टी टर्लिंग्टन, तात्याना पाटिट्झ. फेथच्या व्हिडिओतलं ते लेदर जॅकेट यात जळतं, गिटार आणि ज्यूकबॉक्स फुटतात. स्वतःचंच पोस्टर स्वतः फाडायचं आणि त्यावर लोकांना नाचवायचं, हे फार कमी जणांना जमतं.

सगळ्यात बारकाईने ऐकायचं गाणं मात्र माझ्या मते वेटिंग फॉर दॅट डे. यात जेम्स ब्राउनच्या फंकी ड्रमर या गाण्यातला तो जगभर वापरून झालेला ड्रमचा तुकडा आहे, तोच फ्रीडममध्येही आहे. हेडफोन लावून दोन्ही लागोपाठ ऐका. तिथे तो ठेका तुम्हाला उठवतो, इथे त्याच ठेक्यावर अकूस्टिक गिटार टाकून तो सोडून गेलेल्या माणसाची वाट बघत बसलाय. शेवटी जाता जाता रोलिंग स्टोन्सच्या एका प्रसिद्ध गाण्याची ओळ गुणगुणतो, तेवढ्या एका ओळीपायी गाण्याच्या श्रेयात स्टोन्सच्या जॅगर आणि रिचर्ड्स यांची नावं द्यावी लागली. पण ती ओळ तिथे इतकी आपसूक येते की उचललीये असं वाटतच नाही.

काउबॉइज अँड एंजल्स सात मिनिटांचं, जॅझच्या अंगाने जाणारं, वॉल्ट्झच्या तीनच्या ठेक्यात. सिंगल म्हणून ब्रिटनमध्ये टॉप फॉर्टीतसुद्धा गेलं नाही. जाणारच नव्हतं, हे गाणं म्हणजे रात्री दोनला टॅक्सीच्या काचेतून शहर बघत बसल्यासारखं आहे, रेडिओवर दुपारी कोण ऐकणार. दे वोन्ट गो व्हेन आय गो हे स्टीव्ही वंडरचं, अल्बममधलं एकमेव उसनं गाणं, नुसता पियानो आणि गळा. तयारीबद्दल शंकाच नाही, पण मला ते जरा चर्चमध्ये ताटकळत बसवल्यासारखं होतं. हील द पेन एकदम हलकं, बीटल्सच्या वळणाचं, पुढे ते त्याने खुद्द पॉल मॅकार्टनीसोबत पुन्हा रेकॉर्ड केलं.

आता तक्रार. मदर्स प्राइड. युद्धावर गेलेला मुलगा, आई, वगैरे, विषय चांगला, पण गाणं इतकं गंभीर चेहरा करून उभं राहतं की कंटाळा येतो. समथिंग टू सेव्ह पण बरं आहे इतकंच. सोल फ्री नाचायला ठीक, पण सगळा मूड बांधल्यावर मधेच ते येऊन बसतं आणि आपण म्हणतो अरे हे कुठून आलं. म्हणजे माझं म्हणणं असं की याचं दुःख जिथे ठेक्यावर बसतं तिथे तोड नाही, आणि जिथे तो नुसता दुःखी होऊन दाखवतो तिथे अल्बम खाली बसतो.

विक्री फेथच्या निम्म्यानेही झाली नाही. ब्रिटनमध्ये नंबर वन झाला, ब्रिट अवॉर्डही मिळालं, पण अमेरिकेत दुसऱ्या नंबरवर अडकला कारण वर रॅपर एमसी हॅमर बसला होता आणि हलायलाच तयार नव्हता. प्रसिद्धी नको म्हणतो म्हणून जुन्या जमान्यातला मोठा गायक फ्रँक सिनात्रा याने पेपरात जाहीर पत्र लिहून त्याला समजावलं, की बाबा जरा सैल सोड, मिळालंय त्याची मजा घे. जॉर्जने काही मजा घेतली नाही, सोनी आपला अल्बम नीट विकत नाही म्हणून १९९२ मध्ये थेट कोर्टात गेला, आणि १९९४ ला हरला. त्या भानगडीत व्हॉल्यूम २ आलाच नाही, काही गाणी एका चॅरिटी अल्बमला देऊन टाकली. पुढचा अल्बम ओल्डर यायला १९९६ उजाडलं.

विकत घ्यायचा असेल तर २०१७ चं एडिशन घ्या, त्यात १९९६ चं एमटीव्ही अनप्लग्ड, म्हणजे साध्या वाद्यांवरची लाइव्ह मैफल, पण आहे. तिथलं प्रेइंग फॉर टाइम ऐकाच, कारण स्टुडिओतला तो सगळा एको काढल्यावर गाणं उभं राहतं की नाही हा प्रश्न मला नेहमी पडायचा. राहतं, जास्त ताठ राहतं. स्ट्रीमिंगवर ऐकणार असाल तर शफल बंद करा आणि मदर्स प्राइड आलं की खुशाल चहा टाकायला उठा.