केव्हीएम + लिबव्हर्ट + ओपन व्हीस्विच : सात-आठ महिन्यांनंतरचा अनुभव (आणि न मरणारे पोर्ट)

एका सर्व्हरवर बऱ्याच व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवायला मी लिनक्सचा केव्हीएम वापरतो. क्यूईएमयू हा प्रत्येक व्हीएम चालवणारा प्रोग्राम, लिबव्हर्ट त्यांना चालू-बंद करणारा मॅनेजर आणि ओपन व्हीस्विच (ओव्हीएस) त्यांना नेटवर्कला जोडणारा सॉफ्टवेअर स्विच. परवा दुपारी लाईट गेली, यूपीएसने दोन मिनिटं पण दम धरला नाही आणि सर्व्हर धाडकन बंद. लाईट आल्यावर सगळ्या व्हीएम नीट उठल्या, डेटा शाबूत, तक्रार नाही. पण सवयीने ओव्हीएस-व्हीएससीटीएल शो (स्विचवरचे पोर्ट दाखवणारी कमांड) मारलं तर चालू व्हीएम पाच आणि ब्रिजवर, म्हणजे त्या स्विचवर, टॅप पोर्ट दहा! (टॅप म्हणजे व्हीएमला स्विचशी जोडणारी आभासी वायर.) व्हीनेट४१, व्हीनेट४४, व्हीनेट५२ वगैरे मंडळी तशीच बसलेली, प्रत्येकाखाली एरर, 'नो सच डिव्हाइस'.

बाकी सेटअप काय सांगायचा, रिफर्बिश्ड टॉवर, ३२ जीबी रॅम, डेबियन, लायसनचा खर्च शून्य. पैशाच्या मानाने फर्स्ट क्लास आहे, स्नॅपशॉट, स्पीड, सगळं. डोकं फिरतं ते एकाच गोष्टीवर, व्हीएम बंद झाल्यावर मागे काय उरतं.

साध्या लिनक्स ब्रिजवर ही कटकट नसते. टॅप क्यूईएमयूने उघडलेल्या फाईल डिस्क्रिप्टरवर (उघड्या फाईलचं हँडल) जगतो, क्यूईएमयू मेला की कर्नल टॅप उडवतो आणि तो ब्रिजमधून पण जातो (हाताने पर्सिस्टंट टॅप बनवला असेल तर राहतो, ते वेगळं). ओव्हीएसमध्ये पण टॅप जातोच, फक्त पोर्टची नोंद त्याच्या डेटाबेसमध्ये राहते आणि तो डेटाबेस डिस्कवर, कॉन्फ डॉट डीबी. म्हणजे भाडेकरू गेला तरी दारावरची पाटी तशीच, आणि रीबूट मारून पण पाटी निघत नाही.

लिबव्हर्टला दोष देणार होतो पण जरा तपासून बघितलं. व्हीएम सरळ शटडाऊन केली तर तो स्वतः डेल-पोर्ट करतो, म्हणजे पोर्टची नोंद काढतो. रॅम संपून ओओएम किलरने क्यूईएमयू उडवला तरी मॉनिटर सॉकेट (दोघांमधली बोलायची लाईन) तुटल्यावर लिबव्हर्टला कळतं आणि तेव्हाही साफ करतो. अडतं कधी, तर लिबव्हर्टच मशीनबरोबर गेला की. व्हीएम सुरू करताना ज्या नावाचा टॅप बनवायचा त्या नावाचा जुना पोर्ट तो आधी काढतो म्हणून लाईट आल्यावर पाच व्हीएमना मिळालेले व्हीनेट० ते ४ व्यवस्थित, पण ५२ कडे कोण बघणार.

आता व्हीनेटच्या पुढचा तो वाढत जाणारा नंबर. पहिले काही महिने मी याच गोष्टीला शिव्या घालत होतो. व्हीएम तीच, रीस्टार्ट केली की व्हीनेट७ चा व्हीनेट८, मग ९, आणि मॉनिटरिंगच्या ग्राफमध्ये प्रत्येक वेळी नवीन इंटरफेस, जुन्याची रेघ तुटलेली. मला वाटायचं काहीतरी लीक होतंय. पण हे २०२० मध्ये मुद्दाम केलेलं आहे. आधी मोकळं झालेलं नाव लगेच परत वापरायचे, मग व्हायचं काय की जुन्या व्हीएमचा टॅप कर्नलने काढला, तेवढ्यात नवीन व्हीएमने तेच व्हीनेट० पकडलं, आणि जुन्या व्हीएमची उशिरा चाललेली सफाई नवीनचाच पोर्ट उडवून मोकळी! हे वाचल्यावर नंबर वाढू दे बापडा, काही म्हणणं नाही. ग्राफसाठी व्हीएमच्या एक्सएमएलमध्ये (लिबव्हर्टची सेटिंग फाईल) टार्गेट डेव्ह देऊन नाव पक्कं करा, १५ अक्षरांच्या आत आणि व्हीनेटने सुरू होणारं नको, ते लिबव्हर्टने स्वतःसाठी राखून ठेवलंय.

खरा ताप दिला तो अकाउंट्सच्या जुन्या विंडोज व्हीएमने. ती लिबव्हर्टमध्ये नाही, थेट क्यूईएमयूच्या स्क्रिप्टने चालते, अपस्क्रिप्ट-डाउनस्क्रिप्ट (सुरू आणि बंद होताना चालणाऱ्या स्क्रिप्ट) लावून. क्यूईएमयूला किल मायनस नाईन बसला (जबरदस्तीने मारला) की डाउनस्क्रिप्ट चालतच नाही, मग पुढच्या वेळी ॲड-पोर्ट म्हणतो पोर्ट आधीच आहे. नेटवर सल्ला मिळतो 'मे-एक्झिस्ट' (आधीच असेल तरी चालेल) लावा. नुसतं ते लावू नका! जुनी नोंद जशीच्या तशी वापरली जाते, जुन्या व्हीलॅन टॅगसकट (एकाच स्विचवर कुठलं नेटवर्क ते सांगणारा नंबर), व्हीएम चालू दिसते आणि पिंग मात्र भलत्याच नेटवर्कमध्ये. त्यापेक्षा सुरू करतानाच इफ-एक्झिस्ट्स (असेल तर) डेल-पोर्ट, दोन डॅश, मग टॅगसकट ॲड-पोर्ट, एकाच कमांडमध्ये. बंद होताना साफ होईल या भरवशावर राहायचंच नाही, मरणारा प्रोसेस कसला झाडू मारतोय.

लाईट जाण्याच्या भानगडीसाठी बूटवर एक छोटी स्क्रिप्ट टाकली, लिबव्हर्ट उठायच्या आधी ब्रिजवरचे सगळे व्हीनेट पोर्ट काढते. लिबव्हर्टच्या हुकमध्ये (ठराविक वेळी लिबव्हर्ट स्वतः चालवतो ती स्क्रिप्ट) पण करता येतं, पण हुकमधून व्हर्श (लिबव्हर्टची कमांड) चालवू नका, लिबव्हर्ट हुकची वाट बघत बसतो आणि हुक लिबव्हर्टची. यूपीएसची बॅटरी बदलली तर निम्मा प्रश्न सुटेल हे मलाही कळतं, पण स्क्रिप्ट फुकट आहे.

पाचपैकी चार. अर्धा ओव्हीएसने घालवला, अर्धा त्या नंबरवर गेलेल्या रात्रींचा. व्हीलॅनची फार गुंतागुंत नसेल तर साधा ब्रिज लावा आणि यातलं काहीही लक्षात ठेवू नका.